विटाळ होतो, ॲट्रॉसिटी करतात

बाराव्या शतकात गुजरातेत, अणहिलवाड पाटणला, हेमचंद्र नावाच्या जैन आचार्यांनी एक व्याकरण लिहिलं. त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा आणि त्यातही शेवटचा भाग अपभ्रंशाचा. तिथे एका सूत्राखाली शब्दांची लांबलचक यादी आहे. संस्कृतात अमुक म्हणतात, त्याला अपभ्रंशात तमुक म्हणतात, अशी. ही यादी चाळताना मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. कौतुकाला 'कोड्ड', म्हणजे आपल्या कोडकौतुकातलं कोड. नव्याला 'नवख', म्हणजे आपला नवखा. शीघ्राला 'वहिल्ल', ज्ञानेश्वरीतला 'वहिला' तो हाच, पुढे तो मराठीतून गेला. आत्मीयाला 'अप्पण', म्हणजे आपण-आपलाच्या कुळातला. आणि या सगळ्यांच्या पंगतीत 'अस्पृश्यसंसर्ग' या संस्कृत शब्दासमोर आचार्यांनी लिहिलं आहे : 'विट्टाल'.

'आपण' आणि 'विटाळ' एकाच यादीत, जवळजवळ शेजारी. वहिला विसरला गेला. विटाळ नऊशे वर्षं टिकला, फक्त एक 'ट' गळला आणि 'ल'चा 'ळ' झाला. प्राकृताचं मराठी होताना असं नेहमीच होतं.

हेमचंद्रांनी प्रत्येक शब्दाला एखाद्या दोह्याचं उदाहरण दिलं आहे. विट्टालाच्या दोह्यात माणूस नाहीच, शंख आहेत. रत्नांचा ठेवा असलेला समुद्र सोडून जे शंख स्वतःला किनाऱ्यावर टाकून देतात, त्यांच्या नशिबी विटाळ येतो. दुसऱ्यांनी फुंकत राहायचं आणि यांनी हिंडत राहायचं. देवळात आरतीला वाजणारा शंख हे विटाळाचं उदाहरण म्हणून यावं, ही गंमत आचार्यांच्या लक्षात आली असेल का, कोण जाणे. पण दोह्याचा रोख स्पष्ट आहे. दोष शंखाकडे. फुंकणाऱ्याला दोह्यात नावसुद्धा नाही.

या शब्दाबरोबर मराठीत कोणती क्रियापदं येतात ते पाहू. विटाळ होतो. विटाळ लागतो. मग तो मानतात, धरतात, पाळतात, फेडतात. 'मी विटाळ केला' असं स्वतःविषयी कुणी म्हणत नाही. 'त्यानं विटाळ केला' असं मात्र सर्रास म्हटलं जायचं, आणि तो 'तो' म्हणजे ज्याला लांब उभं केलं तोच. ज्यानं लांब उभं केलं त्याच्या वाट्याला येतात ती 'मानणे' आणि 'पाळणे' ही सोज्वळ क्रियापदं. पाळायचं काय, तर व्रत, वचन, शिस्त आणि विटाळ. थंडी पडावी, अंधार व्हावा तसा विटाळ आपोआप 'होतो', आणि सज्जन माणूस बिचारा तो 'पाळतो'. कर्ता कुठेच सापडत नाही. अस्पृश्यतेची निम्मी मखलाशी मला या वाक्यरचनेत दिसते.

मोल्सवर्थच्या कोशात विटाळाचे दोन्ही अर्थ आहेत, धार्मिक अशुद्धी आणि स्त्रीची मासिक पाळी. घरातल्या बाईचा विटाळ आणि दाराबाहेरच्या माणसाचा विटाळ यांना भाषेनं एकच शब्द दिला. फरक एवढाच की विटाळशी चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येई. दाराबाहेरच्याला चौथा दिवस नव्हता. चोखामेळ्याची बायको सोयराबाई या दोन्ही विटाळांच्या मध्यावर उभी होती, म्हणून तिचा प्रश्न इतका थेट आला असावा. देहाला विटाळ म्हणता, तर तो देहातच जन्मतो, मग सोवळा उरला कोण, असं चौदाव्या शतकातली ही बाई अभंगात विचारते. तिनं शब्द नाकारला नाही. तो सगळ्यांना सारखा लावला, आणि त्याबरोबर तो निकामी झाला. पंढरपूरच्या देवळात तिच्या प्रश्नाचा उपयोग व्हायला मात्र मे १९४७ उजाडला. साने गुरुजी १ मे ते १० मे उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडायचं ठरलं. तोवर चोखोबांची समाधी नामदेव पायरीच्या समोर, बाहेर, तशीच होती.

विटाळाला पहिल्यांदा रोखठोक सकर्मक क्रिया जोडली ती, माझ्या समजुतीप्रमाणे, गोपाळबाबा वलंगकरांनी. महाडजवळच्या रावढुळचे, लष्करातून निवृत्त झालेले, फुल्यांच्या विचारात वाढलेले हे गृहस्थ. १८८८ साली त्यांनी एक पुस्तिका काढली आणि तिला नाव दिलं 'विटाळ विध्वंसन'. विटाळ फेडायचा नाही, पाळायचा नाही, त्याचा विध्वंस करायचा. विध्वंस आपोआप होत नाही, कुणीतरी करावा लागतो.

आता विटाळाचं पोटचं क्रियापद, शिवणे. सुईदोऱ्याचं शिवणे संस्कृतातल्या 'सीव्'पासून आलं. स्पर्शाचं शिवणे वेगळ्या घरचं. हेमचंद्र 'स्पृश्'ला प्राकृतात कोणकोणते धातू चालतात ते सांगतात आणि त्यात 'छिव' देतात. तेच आपलं शिवणे. त्यावरून शिवाशिव. मराठीत अशी द्विरुक्ती दुतर्फी व्यवहारासाठी होते : मारामारी, झोंबाझोंबी. शिवाशिव हा शब्दही व्याकरणानं दुतर्फी आहे, तू मला शिवलास, मी तुला शिवलो. व्यवहारात तो पूर्ण एकतर्फी. शिवल्यावर अंघोळ एकालाच आणि मार दुसऱ्यालाच. पोरांच्या शिवाशिवीच्या खेळात ज्याला शिवलं त्याच्यावर 'राज्य' येतं. मोठ्यांच्या शिवाशिवीत राज्य जागचं हलत नसे.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक क्रियापद आहे, बाटणे. तेही अकर्मक. पाणी बाटतं, विहीर बाटते, माणूस बाटतो. गोव्यात आणि कोकणात पोर्तुगिजांच्या काळातल्या धर्मांतरांना 'बाटाबाटी' म्हणतात, आणि धर्म बदललेल्याला हिणवायला मराठीत 'बाटगा' आहेच. गुजरातीतलं 'वटलवुं' दोन्ही अर्थांनी चालतं, विटाळ होणं आणि धर्म बदलणं. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या भाषांना माणसाचा स्पर्श आणि माणसाचा धर्म सांगायला एकच जातीचं क्रियापद पुरलं.

या क्रियापदाची जाहीर परीक्षा महाडला झाली. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला होता : सरकारी खर्चानं बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि तिथे भरलेल्या परिषदेला आलेली माणसं रांगेनं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात ही माणसं घुसणार अशी आवई उठली आणि परत निघालेल्यांना मारहाण झाली. मग तळ्याचं 'शुद्धीकरण'. १०८ घागरी पाणी उपसून त्यात पंचगव्य मिसळून मंत्रांसह पुन्हा तळ्यात. गुरंढोरं त्या तळ्यावर रोज येत होती, त्यानं पाणी बाटत नव्हतं. डोकी फुटली ती माणसांची आणि शुद्धी झाली ती पाण्याची, कारण भाषेच्या लेखी बिघडलं होतं पाणी. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा सवर्णांचा आधार होता 'वहिवाट'. वहिवाटीनं तळं आमचं, तिनं ते यांच्यासाठी बंद. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च १९३७ मध्ये ही वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला. दहा वर्षं लागली. वहिवाट हाही विटाळाच्या गोत्रातला शब्द. ती 'असते', कुणी पाडली ते कुणी सांगत नाही.

आंबेडकरांनी माणसांना नावं देताना किती जपून शब्द निवडले, हे याच संदर्भात पाहण्यासारखं आहे. त्यासाठी थोडं व्याकरण करावं लागेल. कंटाळा येणाऱ्यांनी एक परिच्छेद ओलांडला तरी चालेल, पण मला त्यातच खरी गोम दिसते.

'अस्पृश्य' हा विध्यर्थी शब्द आहे. पूज्य म्हणजे पूजेला योग्य, तसा स्पृश्य म्हणजे शिवायला योग्य, आणि अस्पृश्य म्हणजे त्याला अयोग्य. ही योग्यता-अयोग्यता शब्दानं त्या माणसाच्या अंगी चिकटवली. न शिवणारा शब्दाबाहेर राहिला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये मुंबईत मिशन काढलं, त्याचं मराठी नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. 'निराश्रित'मध्ये कणव आहे, पण आश्रय काढून घेणारा कुणी नाही. पुरात घर वाहून गेलेलाही निराश्रितच. 'हरिजन' हा सामासिक शब्द, त्यात क्रियाच नाही. नरसी मेहत्यांकडून आलेला हा शब्द गांधीजींनी चालवला, फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक सुरू झालं. मुंबईच्या विधानसभेत १९३८ च्या जानेवारीत एका विधेयकात हा शब्द आला तेव्हा आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांनी हरकत घेतली, ती मानली गेली नाही, आणि त्यांच्या पक्षाचे सभासद सभागृहातून उठून गेले. ज्यांचं नाव ठरतंय त्यांना विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता 'बहिष्कृत'. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चं 'बहिष्कृत भारत'. हा क्त-प्रत्ययाचा शब्द, कर्मणि भूतकालवाचक : बाहेर केलेला. केलेला म्हटलं की 'कुणी?' हा प्रश्न व्याकरणच विचारतं. कर्ता लिहिलेला नसला तरी त्याची जागा रिकामी दिसते, आणि डोळा तिकडे जातो. हे आंबेडकरांनी व्याकरण मांडून केलं असं मी म्हणत नाही. पण संस्कृत शिकायला शाळेत मनाई झालेला आणि पुढे ते हट्टानं शिकलेला हा माणूस होता. त्याचा कान अशा बाबतीत चुकला नसता.

'दलित'ही त्याच ठशाचा, पण त्यात एक मजेदार अडचण आहे. संस्कृतात 'दल्' म्हणजे फुटणं, आणि फूल उमलतं तेही एका अर्थी फुटतंच; म्हणून संस्कृत काव्यात दलित म्हणजे उमललेलंही असतं. पानाफुलाचं दल, दुभंगलेल्या धान्याची डाळ आणि जात्यावरचं दळण ही सगळी याच धातूची लेकरं. संस्कृतात निवाडा लागला नसता : दलित म्हणजे आपोआप फुटलेला की कुणी फोडलेला? मराठीत तो लागला, कारण आपल्याकडे 'दळणे' आहे. दळण आपोआप होत नाही. मराठी कानानं दलित हा शब्द ऐकला तो दळलेला, भरडलेला असाच. आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा सिद्धांत मांडताना 'ब्रोकन मेन' म्हटलं, तेही याच्या शेजारचंच. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन अण्णा भाऊ साठ्यांच्या भाषणानं सुरू झालं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांची दलित पँथर आली आणि हा शब्द मराठीतून देशभर गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना सूचना केली की 'दलित' टाळा, 'अनुसूचित जाती' वापरा. अनुसूचित हाही तसा क्त-प्रत्ययाचाच, 'कुणी?' विचारलं की उत्तर येतं १९३६ चा सरकारी आदेश. कर्ता सापडला, पण भलताच.

जाता जाता 'सवर्ण'. शाळेत सवर्णदीर्घ संधी शिकताना याचा मूळ अर्थ आपण घोकलेला असतो : समान वर्णाचा. सवर्ण कुणाच्या तरी संदर्भात असायचा. 'अ' हा 'आ'चा सवर्ण, शूद्र हा शूद्राचा सवर्ण. आज तो एकटाच उभा राहतो आणि त्याचा अर्थ 'वर्ण असलेला' असा होतो. असलं गणित फक्त आपणच करू जाणे.

महार या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून तर एकोणिसाव्या शतकात लढाईच झाली. एक व्युत्पत्ती 'मृताहार', मेलेलं खाणारा, ती डॉ. रा. गो. भांडारकरांच्या नावावर सांगतात. जॉन विल्सननं उलट महाराष्ट्र म्हणजे महारांचं राष्ट्र असं सुचवलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त सरळ 'महाअरी' केला, म्हणजे मोठा शत्रू, आर्यांशी लढलेला. भाषाशास्त्राच्या तराजूत यातली कुठलीच फारशी वजनदार नाही. पण पहिलीत महार मेलेलं उचलतो नि खातो, आणि फुल्यांच्या व्युत्पत्तीत तो लढतो. व्युत्पत्ती खोटी असली तरी क्रियापद कुणाला द्यायचं हे फुल्यांना नेमकं कळलं होतं.

कायद्यातला आजचा शब्द 'अत्याचार'. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. फोड केली तर अति अधिक आचार. आचाराची मर्यादा ओलांडणं. पेच असा की महाडला मर्यादा ओलांडली म्हणून ज्यांना मार बसला ती पाणी पिणारी माणसं होती. मारणारे आचारच पाळत होते. १९५५ च्या पहिल्या कायद्यानं निदान 'अस्पृश्यता' हा शब्द नावात घेतला होता. त्याचं १९७६ मध्ये 'नागरी हक्क संरक्षण' झालं. आणि घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली तेव्हा तिची व्याख्या केली नाही. मला वाटतं ते शहाणपणाचंच होतं. व्याख्या केली असती तर पळवाटा तिच्या कडेकडेनं निघाल्या असत्या.

गावोगाव मात्र या कायद्याला कुणी अत्याचार प्रतिबंध म्हणत नाही. 'ॲट्रॉसिटी' म्हणतात. आणि या इंग्रजी शब्दाचं मराठीत जे झालं ते मला विटाळाइतकंच विलक्षण वाटतं. मूळ लॅटिन 'आट्रॉक्स' म्हणजे क्रूर. इंग्रजीत ॲट्रॉसिटी म्हणजे क्रूर कृत्य. ते दुबळ्यावर होतं आणि बळकट करतो. मराठीतली वाक्यं ऐका. 'त्यानं पाटलावर ॲट्रॉसिटी केली.' 'माझ्या पोरावर ॲट्रॉसिटी टाकली.' 'ॲट्रॉसिटी लागली, आता जामीन नाही.' 'ते ॲट्रॉसिटीवाले आहेत, जपून बोला.' कृत्याचा शब्द तक्रारीला लागला. ज्यानं मार खाल्ला तो ॲट्रॉसिटी 'करतो', ज्यानं मारलं त्याच्यावर ती 'होते'. विटाळाला आठशे-नऊशे वर्षांत जो कर्ता मिळाला नाही तो ॲट्रॉसिटीला तीस वर्षांत मिळाला, आणि मिळाला तो हा.

कुणी म्हणेल, यात जातीचं काय, कायद्याची कलमं बोलीत अशीच वागतात. '४९८ टाकली', '३०२ लागला' असंही म्हणतात. बरोबर आहे. पण आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो कुठेही चिकटू शकतो. आणि तोही बघा कुणाला चिकटतो : चारसोबीस माणूस म्हणजे फसवणारा, फसवलेला नव्हे. फसवणुकीची तक्रार करणाऱ्याला कुणी चारसोबीस म्हणत नाही. ॲट्रॉसिटीवाला मात्र तक्रार करणारा. २०१६ च्या मराठा मोर्चांमध्ये या कायद्याचा गैरवापर थांबवा ही मागणी फलकांवर होती. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातूनच आलेल्या एका खटल्यात, लगेच अटक नको, आधी चौकशी करा, असं सांगितलं. महाडच्या पाण्याची तारीख तीच, हा योगायोग कुणाच्याच ध्यानात नसावा. संसदेनं त्याच वर्षी कायदा पूर्ववत केला आणि २०१९ मध्ये न्यायालयानंही आपले ते निर्देश मागे घेतले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली अनुसूचित जातींवरचे ५७,५८२ गुन्हे नोंदलेले आहेत. गावच्या मराठीत सांगायचं तर एवढ्या ॲट्रॉसिट्या 'केल्या गेल्या'.

कोर्टातही शब्दांची अशीच अदलाबदल होते. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना जमावानं मारलं. आई, मुलगी, दोन मुलगे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं धरलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली आणि कायद्याच्या मुद्द्यावर तेच मत ठेवलं : हा सुडाचा प्रकार. सूड हा शब्द घ्यायचा तर आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. म्हणजे मेलेल्यांना एक कृती मिळाली. शिक्षा झाली, जन्मठेपेची झाली, हे खरं. पण गुन्ह्याला जे नाव मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. खैरलांजी मात्र स्वतःच सामान्यनाम झाली. 'दुसरी खैरलांजी' असे मथळे त्यानंतर येत राहिले.

मथळ्यांचं व्याकरण शिवाशिवीच्याच वळणाचं. 'दोन गटांत हाणामारी', 'दोन समाजांत तेढ', 'दलित-सवर्ण संघर्ष'. पुन्हा ती दुतर्फी रचना. आत बातमी वाचली तर एका गटातले सगळे इस्पितळात आणि दुसऱ्या गटातले सगळे फरार. 'गावकरी आणि दलित यांच्यात वाद' हे तर आणखी चोख. दलित गावकरी नसतात हे वार्ताहर सांगत नाही, त्याचं 'आणि' सांगतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचं ठरवलं, ते योग्यच झालं. या 'आणि'बद्दल शासन निर्णय काढता येत नाही.

एक शेवटचा शब्द, फितूर. अरबीतला 'फुतूर' म्हणजे ढिलेपणा, सैल पडणं. मराठीत येताना तो दगाफटका झाला. फितुरीनं किल्ले पडले. आज हा शब्द मुख्यतः कोर्टात ऐकू येतो, साक्षीदार फितूर झाला. यातही मूळचा ढिलेपणाच खरा वाटतो. गावात राहायचं असतं, पाणी, रस्ता, मजुरी त्याच माणसांकडून मिळायची असते, माणूस सैल पडतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला, सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून, मारून झाडाला टांगल्याचा गुन्हा नोंदला गेला. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं आरोपींची निर्दोष सुटका केली. त्या निकालापुरतं पाहिलं तर मुलगा मेला एवढं नोंदलेलं आहे, आणि त्यापुढे 'मारलं' हे क्रियापद कुणाच्या नावाला लागलेलं नाही.